पंक शोची एक रात्र: दारातून आत कोण येतं, आणि पडलं तर उचलतं कोण?

मागच्या व्याख्यानानंतर एका आजोबांनी आम्हाला गाठलं. त्यांचा नातू परदेशात शिकतो आणि पंक रॉकच्या शोला जातो. आजोबांनी मोबाइलवर तिथला व्हिडिओ दाखवला. अंधारी खोली, कानठळ्या बसवणारा आवाज आणि मधोमध वीस-पंचवीस पोरं एकमेकांवर आदळतायत. आजोबा म्हणाले, "यात संगीत कुठे आहे ते सोडा. हा पोरगा सुरक्षित आहे का, एवढंच सांगा."

आजचं व्याख्यान म्हणजे त्या प्रश्नाचं उत्तर. "हो" किंवा "नाही" एवढ्यावर ते भागत नाही, कारण पंक शोचा जवळजवळ पन्नास वर्षांचा इतिहास हा बराचसा याच प्रश्नाशी झालेल्या झटापटीचा इतिहास आहे. तेव्हा एका रात्रीच्या क्रमानंच जाऊ या: आधी दार, मग स्टेज, मग गर्दी आणि शेवटी घरी परतणं.

दार: पन्नास पेन्सची संध्याकाळ

सुरुवात करू मँचेस्टरपासून. ४ जून १९७६, शुक्रवार. शहरात फ्री ट्रेड हॉल नावाची भव्य इमारत आहे. १८१९ साली पीटरलू इथं मतदानाचा हक्क मागणाऱ्या जमावावर घोडेस्वार घातले गेले, त्याच मैदानावर पुढे ही इमारत उभी राहिली. तिच्यातच वरच्या बाजूला एक छोटं सभागृह होतं, लेसर फ्री ट्रेड हॉल. त्या संध्याकाळी तिथं लंडनचा 'सेक्स पिस्टल्स' हा बँड वाजवणार होता. तिकीट होतं ५० पेन्स.

कार्यक्रम ठरवला कोणी? कुठल्या मोठ्या कंपनीनं नाही. हॉवर्ड डिव्होटो आणि पीट शेली या दोन तरुणांनी. बोल्टनच्या कॉलेजात त्यांची ओळख झालेली. मासिकात या बँडबद्दल वाचलं, गाडी मिळवली, दक्षिणेकडे जाऊन शो पाहिला आणि ठरवलं की हे आपल्या गावात व्हायलाच हवं. त्यांनी स्वतःचाही बँड काढला, 'बझकॉक्स'. पण ४ जूनपर्यंत तो वाजवण्याइतका तयार झाला नाही, म्हणून सुरुवातीला दुसऱ्याच बँडला उभं करावं लागलं.

सभागृह भरलं नव्हतं. साधारण चाळीसेक माणसं असावीत असं बहुतेक जण सांगतात. पुढे "मी तिथे होतो" म्हणणारे इतके झाले की ते सगळे खरे मानले तर सभागृहाच्या भिंती पाडाव्या लागल्या असत्या! पण जे नक्की होते त्यांच्यात पीटर हुक आणि बर्नार्ड समनर हे दोन मित्र होते. हुकला वाद्य वाजवता येत नव्हतं. दुसऱ्याच दिवशी त्यानं बेस गिटार विकत घेतली. पुढे या दोघांच्या बँडला जग 'जॉय डिव्हिजन' म्हणून ओळखू लागलं.

आता इथं जरा थांबू या. त्या रात्री असं काय घडलं की माणूस दुसऱ्या दिवशी उठून दुकानात गेला? उत्तम वादन ऐकलं म्हणून? नाही. उत्तम वादन ऐकून माणूस टाळ्या वाजवतो आणि घरी जातो. इथं उलटं झालं. स्टेजवरची पोरं आपल्याच वयाची, आपल्यासारखीच बोलणारी, चुकणारी. "हे जर जमत असेल, तर मलाही जमेल," असं बघणाऱ्याला वाटलं. त्या काळचे मोठे रॉक बँड प्रचंड मैदानांत वाजवत, वीस-वीस मिनिटांची गाणी करत. त्यांच्याकडे मान वर करून बघावं लागे. पंकमध्ये मान वर करावी लागत नाही, स्टेज बहुतेकदा गुडघ्याएवढं असतं.

डिव्होटो आणि शेली यांनीही वेळ घालवला नाही. घरच्यांकडून आणि मित्रांकडून पाचशेएक पौंड उसने घेतले आणि जानेवारी १९७७ मध्ये चार गाण्यांची तबकडी स्वतःच काढली. पहिल्या १००० प्रती. वेष्टनावर कुठलं गाणं कितव्या प्रयत्नात ध्वनिमुद्रित झालं तेही छापलेलं. म्हणजे काय? "यात गुपित काही नाही, बघा, आम्ही असं केलं, तुम्हीही करा."

स्टेज: तीन सूर आणि अर्धा तास

मग हे संगीत असतं तरी कसं? न्यूयॉर्कच्या 'रमोन्स' बँडचा १९७६ सालचा पहिला अल्बम घ्या. १४ गाणी, सगळी मिळून साधारण २९ मिनिटं. म्हणजे एका गाण्याला सरासरी दोन मिनिटं. गिटारवर तीन-चार कॉर्ड, ड्रमची सरळ घोडदौड, लांबलचक गिटारवादन जवळजवळ नाहीच. गाणं सुरू होतं, सांगायचं ते सांगतं, संपतं. एक, दोन, तीन, चार, की पुढचं.

हा साधेपणा अज्ञानातून आला असं समजू नका. त्याचे व्यवहारी फायदे आहेत. गाणी छोटी, म्हणून एका रात्रीत चार-पाच बँड वाजवू शकतात. सामान कमी, म्हणून तेच ड्रम, तेच स्पीकर सगळे वापरतात. खोली लहान, म्हणून भाडं कमी. भाडं कमी, म्हणून तिकीट स्वस्त. तिकीट स्वस्त, म्हणून खिशात फारसे पैसे नसलेला सतरा वर्षांचा मुलगाही आत येतो. बघा, संगीताची रचना आणि दारावरची किंमत यांचा असा थेट संबंध आहे.

पण दार उघडं ठेवलं की कोणीही आत येतं. आणि इथून आजोबांचा प्रश्न सुरू होतो.

काचेचा ग्लास

२० आणि २१ सप्टेंबर १९७६. लंडनमधल्या ऑक्सफर्ड स्ट्रीटवर तळघरात '१०० क्लब' आहे. तिथं दोन रात्रींचा पंक महोत्सव झाला. इतिहासाच्या पुस्तकांत तो मानानं नोंदला जातो. पण दुसऱ्या रात्री गर्दीतून कोणीतरी काचेचा ग्लास स्टेजच्या दिशेनं भिरकावला. तो फुटला, काचा उडाल्या आणि एका तरुणीचा एक डोळा कायमचा गेला.

पंकच्या गौरवकथांमध्ये हा प्रसंग बऱ्याचदा एका ओळीत उरकला जातो. आम्हाला तो एका ओळीत उरकावासा वाटत नाही. ती मुलगी गाणी ऐकायला आली होती. तिनं तिकीट काढलं होतं. "बंडखोरी" या शब्दाची किंमत तिनं मोजली, ग्लास फेकणाऱ्यानं नाही. क्लबनं त्यानंतर पंकला दार बंद केलं, आणि म्हणजे ज्यांनी काहीही केलं नव्हतं त्यांनाही.

तेव्हा प्रश्न असा उभा राहिला: ज्या चळवळीला वरून कोणी नियम लादलेले नको आहेत, तिनं आपल्या माणसांना इजा होऊ नये म्हणून काय करायचं? पोलीस बोलवायचे? दांडगे रखवालदार ठेवायचे? की नियम आपणच करायचे?

गर्दी: पिट म्हणजे काय?

व्हिडिओतला तो धक्काबुक्कीचा भाग आता समजून घेऊ. सुरुवातीच्या लंडनमध्ये लोक जागच्या जागी उड्या मारत, त्याला 'पोगो' म्हणत. १९८० च्या सुमारास दक्षिण कॅलिफोर्नियात संगीत आणखी वेगवान झालं आणि पोरं गोल फिरत एकमेकांवर खांदे आदळू लागली, ते 'स्लॅम डान्सिंग'. नंतर 'मॉश' हा शब्द रूढ झाला आणि जिथं हे चालतं त्या जागेला 'पिट' म्हणू लागले.

बाहेरून ती मारामारी दिसते. आतून तिला नियम असतात, कुठे लिहिलेले नसतात इतकंच. पहिला नियम: कोणी पडलं की थांबायचं आणि उचलायचं, लगेच. दुसरा: कडेला जे शांत उभे आहेत त्यांना आत ओढायचं नाही. तिसरा: कोपर, मुठी, लाथा नाहीत, खांदा आणि उघडा तळहात. चौथा: कोणाचा चष्मा, बूट, चावी सापडली तर ती उंच धरायची. आणि पाचवा, जो सगळ्यात जास्त मोडला जातो: गर्दीचा फायदा घेऊन कोणाच्याही अंगाला नको तिथे हात लावायचा नाही.

आम्ही पहिल्यांदा अशा खोलीत उभे राहिलो तेव्हा तिसऱ्या गाण्याला पाय घसरला. जमीन दिसली आणि मनात आलं, संपलं आता. पूर्ण खाली पोचायच्या आत दोन्ही काखांत दोन अनोळखी हात आले, उभं केलं, पाठीवर थाप मारली आणि ते दोघे गर्दीत निघून गेले. त्यांचे चेहरेही आम्ही पाहिले नाहीत. आजोबांना हा प्रसंग सांगितला तेव्हा ते म्हणाले, "आणि ते हात आले नसते तर?" बरोबर आहे. नियम लिहिलेला नसेल तर तो माणसांवर अवलंबून असतो. म्हणूनच पुढची तीन उदाहरणं महत्त्वाची आहेत.

हातावरची फुली

पहिलं उदाहरण वॉशिंग्टनचं. अमेरिकेत क्लब चालतो तो दारूच्या विक्रीवर, आणि म्हणून अल्पवयीनांना दारातच अडवतात. गंमत अशी की बँडमधली पोरंच अल्पवयीन असायची! 'टीन आयडल्स' हा असाच शाळकरी पोरांचा बँड. १९८० साली ते कॅलिफोर्नियाला गेले असताना सॅन फ्रान्सिस्कोच्या एका क्लबनं तोड काढली: पोरांना आत सोडायचं, पण हातावर काळ्या शाईनं मोठी फुली मारायची, म्हणजे बारवाला त्यांना दारू देणार नाही. पोरांनी ही कल्पना घरी आणली आणि वॉशिंग्टनच्या क्लबवाल्यांना सांगितलं, आमच्या हातावर फुली मारा, पण आत येऊ द्या.

याच बँडमधल्या इयन मॅके आणि जेफ नेल्सन यांनी पुढे 'मायनर थ्रेट' हा बँड काढला. दारू नको, नशा नको, असं स्वच्छ सांगणारं त्यांचं एक गाणं होतं. त्यावरून 'स्ट्रेट एज' नावाची एक जीवनपद्धतच निघाली आणि तिच्या अनुयायांनी तीच फुली आपली खूण मानली, आता स्वतःच्या हातानं काढलेली. अडवणुकीची खूण निश्चयाची खूण झाली.

पाकिटातले पाच डॉलर

दुसरं उदाहरणही मॅकेचंच. १९८७ साली सुरू झालेला 'फुगाझी' हा बँड. यांनी दोन गोष्टी धरून ठेवल्या: तिकीट शक्य तिथे ५ डॉलर, आणि शो सर्व वयांसाठी खुला. बँडचं नाव मोठं झालं तरी त्यांनी किंमत चढवण्याचा मोह टाळला.

तिसरी गोष्ट आणखी धाडसाची. समोर कोणी लोकांना चिरडत असेल, डोक्यावर लाथा मारत असेल, तर हे गाणं मध्येच थांबवत. माइकवरून त्या माणसाशी बोलत, समजावत. तो ऐकेना तर त्याला बाहेर काढत, आणि काढताना पाकिटात घातलेले त्याचे पाच डॉलर परत हातात देत. यात मोठी समज आहे, बरं का. पैसे परत दिले म्हणजे "मी तिकीट काढलंय, मी काहीही करीन" हा दावाच संपतो. आणि त्याचा अपमानही कमीत कमी होतो.

यावर टीका झाली. पंक म्हणवता आणि नाचू देत नाही? पण शेवटी प्रश्न हा होता की पुढच्या रांगेत कोण उभं राहू शकतं. फक्त धट्टीकट्टी पोरं, की बाकीचेही? १९९० मध्ये ऑलिंपिया गावात सुरू झालेल्या 'बिकिनी किल' या बँडची गायिका कॅथलीन हॅना हिनं हाच प्रश्न उघड विचारला. ती शोमध्ये मुलींना पुढे बोलवायची आणि पुरुषांना मागे सरकायला सांगायची. काही पुरुष चिडले, धमक्या आल्या. पण आजवर भिंतीला टेकून उभ्या राहिलेल्या मुलींना पहिल्यांदाच स्टेज जवळून दिसलं. दार उघडं असणं पुरेसं नाही, आत आल्यावर जागा मिळायला हवी, हा तिचा मुद्दा होता.

भिंतीवर लिहिलेले नियम

तिसरं उदाहरण कॅलिफोर्नियातल्या बर्कलीचं. ३१ डिसेंबर १९८६ ला तिथं एका जुन्या गोदामात एक जागा सुरू झाली. तिला पत्त्यावरूनच ओळखतात: ९२४ गिलमन स्ट्रीट. मालक-नोकर नाहीत, स्वयंसेवक चालवतात. दारावर कोण, झाडू कोण मारणार, हे बैठकीत ठरतं. आत यायचं तर नाममात्र वर्गणीचं सभासदत्व घ्यावं लागतं. आणि नियम भिंतीवर रंगवलेले: वंशद्वेष नाही, स्त्रीद्वेष नाही, समलिंगींचा द्वेष नाही, दारू नाही, अमली पदार्थ नाहीत, मारामारी नाही.

आणखी एक नियम असा की मोठ्या कंपनीशी करार केलेल्या बँडनं इथे वाजवायचं नाही. 'ग्रीन डे' हा बँड इथेच वाढला. १९९४ साली मोठ्या कंपनीकडून त्यांचा अल्बम आला, जगभर गाजला आणि ज्या खोलीत ते मोठे झाले तिचं स्टेज त्यांना बंद झालं. २०१५ साली, आगीत नुकसान झालेल्यांसाठी मदतनिधी गोळा करायला, ते पुन्हा तिथं वाजवू शकले.

पण भिंतीवर लिहिलं म्हणून सगळं सुरळीत झालं असं आम्ही म्हणणार नाही. १९९४ च्याच मे महिन्यात याच गिलमनमध्ये 'डेड केनेडीज'चा गायक जेलो बियाफ्रा याला काही जणांनी मारहाण केली आणि त्याच्या पायाला गंभीर दुखापत झाली. मारणारे त्याला "विकला गेलास" म्हणत होते. म्हणजे शुद्धतेचा आग्रहही मारहाणीचं निमित्त होऊ शकतो. नियम एकदा लिहून होत नाहीत, ते दर शनिवारी पुन्हा पाळावे लागतात.

कानांचं काय?

एक साधी पण महत्त्वाची गोष्ट. धक्क्यांची भीती सगळ्यांना वाटते, कानांची कोणाला वाटत नाही. अमेरिकेतल्या कामगार-आरोग्य संस्थेचा हिशोब असा: ८५ डेसिबलचा आवाज दिवसाला आठ तासांपर्यंत चालेल. पुढे दर ३ डेसिबलला ही वेळ निम्मी होते. म्हणजे १०० डेसिबलला फक्त १५ मिनिटं. छोट्या खोलीतला रॉक शो सहज १०० च्या पुढे जातो आणि तो तासन् तास चालतो. घरी गेल्यावर कानात शिट्टी वाजत राहिली तर ती मजा नव्हे, इशारा आहे. उपाय स्वस्त आहे: कानात घालायचे फोमचे बोळे. ते घातले म्हणून कोणी कमी पंक होत नाही, जुने वादक तर हमखास घालतात.

बाहेरचा धोका

आतापर्यंत आपण आतल्या धोक्यांबद्दल बोललो. काही ठिकाणी मोठा धोका बाहेर उभा असतो. डिसेंबर २०११ मध्ये इंडोनेशियातल्या आचे प्रांतात, बांदा आचे शहरात, अनाथ मुलांच्या मदतीसाठी पंक शो ठेवला होता. पोलिसांनी तो बंद पाडला आणि साठाहून अधिक तरुण-तरुणींना ताब्यात घेतलं. गुन्हा दाखल न करताच त्यांना "सुधारण्यासाठी" दहा दिवस पोलीस प्रशिक्षण केंद्रात ठेवलं. मुलांचे डोक्यावरचे केस भादरले, मुलींचे आखूड कापले, तळ्यात आंघोळ करायला लावली.

लंडनमध्ये ग्लास फेकणारा आणि आचेमध्ये वस्तरा चालवणारा, दोघांची तुलना होत नाही. पण दोन्ही वेळा भोगलं कोणी? जो फक्त आपल्यासारखी चार माणसं भेटतील म्हणून आला होता त्यानं. एक शो म्हणजे कोणाला अर्ध्या तासाचा गोंगाट वाटतो, कोणाला तीच गावातली एकमेव जागा वाटते जिथं आपण विचित्र ठरत नाही.

मग, नातू सुरक्षित आहे का?

आजोबांना आम्ही काय उत्तर दिलं? आम्ही म्हटलं, नातवाला "जाऊ नकोस" म्हणू नका. त्याला चार प्रश्न विचारा. दारावर तिकीट कितीचं असतं आणि लहान वयाच्या मुलांना सोडतात का? आत मुली पुढे उभ्या असतात का, की मागे? कोणी पडलं तर बँड थांबतो का? आणि तू कानात बोळे घालतोस का? या चार उत्तरांवरून ती खोली कशी आहे ते तुम्हाला कळेल.

पुढच्या आठवड्यात आजोबांचा फोन आला. नातू म्हणाला होता, तिकीट स्वस्त आहे, लहान मुलंही येतात, मुली पुढे असतात, आणि बँड एकदा थांबला होता, एका मुलाचा चष्मा शोधायला. बोळे मात्र तो घालत नव्हता. आजोबांनी त्याला सांगितलं, "उद्याच्या उद्या विकत घे."

प्रश्नोत्तरांकडे वळू या. मागच्या रांगेतल्या ताईंचा हात मघापासून वर आहे, आधी त्यांना माइक द्या.